चुंबकातल्या लहरींचा हिशेब

एमआरआयच्या बोगद्यात अर्धा तास न हलता पडून राहिलेल्या माणसाला त्या यंत्राची ठकठक आठवत राहते. त्या वेळात आपल्या शरीरातल्या पाण्याचे काय झाले, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाही. पाण्यातल्या हायड्रोजनचे प्रत्येक अणुकेंद्रक हा एक चिमुकला चुंबक असतो. रेडिओलहरीने त्याला तिरके केले, की तो कलत्या भोवऱ्यासारखा डोलतो आणि हळूहळू मूळ स्थितीत येतो. या डोलण्याचा आणि सावरण्याचा हिशेब ज्या समीकरणांनी मांडतात, त्यांना ब्लॉख समीकरणे म्हणतात. ती १९४६ सालची. वैद्यकात फेलिक्स ब्लॉख हे नाव ज्यांना ठाऊक आहे, ते याच कामामुळे. पण अशा चिमुकल्या चुंबकांशी त्यांची गाठ त्याआधी सोळा वर्षे पडली होती, आणि ती पाण्यात नव्हे, लोखंडात.

ब्लॉख यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९०५ रोजी झुरिकमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. वडील गुस्ताव हे मोराव्हियातून स्वित्झर्लंडला येऊन स्थायिक झालेले धान्याचे घाऊक व्यापारी. पैशाअभावी त्यांना स्वतःला विद्यापीठाची पायरी चढता आली नव्हती. फेलिक्सहून तीन वर्षांनी मोठी असलेली बहीण बाराव्या वर्षी वारली. भावंड एवढे एकच. त्या मृत्यूने हा मुलगा अबोल झाला. पियानो, अंकगणित आणि पुढे डोंगर यांत त्याचे मन रमू लागले. गिर्यारोहण आणि स्कीइंग यांचा नाद त्याला कायमचा लागला.

१९२४ मध्ये झुरिकच्या प्रसिद्ध तंत्रविद्यापीठात, म्हणजे ईटीएचमध्ये, ते इंजिनीअर होण्यासाठी दाखल झाले. वर्षभरातच त्यांनी भौतिकशास्त्राकडे मोर्चा वळवला. वेळ अचूक साधली होती. पीटर डिबाय तिथे शिकवत होते आणि त्याच शहरातल्या विद्यापीठात एर्विन श्रोडिंगर होते. डिबाय यांच्या सांगण्यावरून श्रोडिंगर यांनी एका चर्चासत्रात इलेक्ट्रॉन हा लहरीसारखाही वागतो, या द ब्रॉयी यांच्या कल्पनेवर व्याख्यान दिले. लहर म्हणायची तर तिचे समीकरण हवे, असा शेरा डिबाय यांनी मारला आणि थोड्याच दिवसांत श्रोडिंगर ते समीकरण घेऊन आले. मागच्या बाकांवर बसून हे पाहणाऱ्या विद्यार्थ्यांत ब्लॉख होते. पुढे आयुष्यभर समोर काहीही आले, तरी ते आधी त्यात लहर शोधत, याचे मूळ कदाचित या दिवसांत असावे.

१९२७ मध्ये ते लाइपझिगला वेर्नर हायझेनबर्ग यांच्याकडे गेले. गुरू पंचवीस वर्षांचे, शिष्य बाविशीच्या उंबरठ्यावर. हायझेनबर्ग यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले विद्यार्थी. प्रबंधाचा प्रश्न साधा वाटणारा होता. तांब्याच्या तारेत अणू एकमेकांना खेटून बसलेले असतात; मग त्यांच्या गर्दीतून इलेक्ट्रॉन इतक्या सहज कसा जातो? उत्तर १९२८ मध्ये आले. स्फटिकातली अणूंची मांडणी पूर्ण नियमित असेल, तर इलेक्ट्रॉनची लहर त्या मांडणीच्या तालात स्वतःला जुळवून घेते आणि न अडता पुढे जाते. अडथळा होतो तो उष्णतेने अणू थरथरतात म्हणून, किंवा मध्येच एखादा परका अणू घुसलेला असतो म्हणून. आजचे सगळे अर्धवाहकांचे शास्त्र, म्हणजे मोबाइलमधल्या चिपचेही, या बावीस वर्षांच्या मुलाच्या प्रबंधावर उभे आहे. एखाद्याने एवढ्यावर जन्म काढला असता.

ब्लॉख यांनी मात्र दोन वर्षांतच लोखंडाला हात घातला. त्याच सुमारास हायझेनबर्ग यांनी लोखंड चुंबक का बनते, याचे स्पष्टीकरण दिले होते. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतःच एक सूक्ष्म चुंबक असतो. त्याच्या या गुणाला स्पिन म्हणतात. लोखंडात शेजारशेजारच्या अणूंमधले स्पिन पुंजयांत्रिकीच्या नियमामुळे एकाच दिशेला तोंड करणे पसंत करतात. सगळे एका दिशेला वळले, की चुंबक तयार. प्रश्न पुढचा होता. चुंबक तापवला, की दुबळा होतो, आणि लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसला चुंबकत्व पार गमावते. हा ऱ्हास सुरू कसा होतो? एकट्या स्पिनला उलटे करायचे, तर सगळ्या शेजाऱ्यांशी भांडण घ्यावे लागते, त्याला ऊर्जा फार लागते. कडाक्याच्या थंडीत ती कुठून येणार? म्हणजे थंड चुंबकाची ताकद जवळजवळ घटूच नये. प्रत्यक्षात ती घटते.

१९३० मध्ये ब्लॉख यांनी दिलेले उत्तर असे, की उलटे झालेले स्पिन एका जागी राहतच नाही. ते शेजाऱ्याकडे, तिथून त्याच्या शेजाऱ्याकडे सरकते आणि अखेर साऱ्या स्फटिकात वाटले जाते. भरल्या शेतावरून वारा जातो तेव्हा कोणतेच कणीस मोडत नाही. प्रत्येक कणीस आपल्या शेजारणीपेक्षा किंचित जास्त किंवा कमी झुकते आणि झुळूक पुढे पळते. तसेच इथे प्रत्येक स्पिन थोडेसे कलते, डोलते, आणि शेजारचे त्याच्या किंचित मागून डोलते. हीच स्पिन लहर. लहर जितकी लांब, तितका शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला फरक कमी आणि तितकी ऊर्जाही कमी. म्हणून अगदी थंड लोखंडातसुद्धा लांब लहरी उठतच असतात आणि प्रत्येक लहर चुंबकत्वातून एक ठरावीक तुकडा वजा करते. अशा किती लहरी कोणत्या तापमानाला असतील, हे मोजून ब्लॉख यांनी नियम काढला. कमी तापमानांत, निरपेक्ष शून्यापासून मोजलेले तापमान चौपट केले, तर चुंबकत्वातली घट आठपट होते. हा नियम आजही त्यांच्याच नावाने शिकवतात. फ्रीमन डायसन यांनी १९५६ मध्ये फार काटेकोरपणे हा सारा हिशेब पुन्हा तपासला, तेव्हाही मूळ निष्कर्ष टिकला.

त्याच लेखात एक विचित्र गोष्ट होती. हाच हिशेब एका अणूइतक्या जाडीच्या पत्र्यासाठी केला, तर लांब लहरींची संख्या अमर्याद वाढते. म्हणजे शून्याच्या वर कोणत्याही तापमानाला असा पत्रा चुंबक राहूच शकत नाही. तेव्हा तसा पत्रा कोणी केलेला नव्हता, त्यामुळे निष्कर्ष कागदावरच राहिला. खऱ्या पदार्थांत स्पिनला काही दिशा जात्याच प्रिय असतात, आणि ही आवड लांब लहरींना लगाम घालते. २०१७ मध्ये क्रोमियम आयोडाइडचा एकाच थराचा चुंबक तयार झाला, तो या लगामामुळे. ब्लॉख यांचे गणित चुकले नव्हते; त्यांनी गृहीत धरलेला पदार्थ निसर्गापेक्षा साधा होता.

पुढची दोन-तीन वर्षे त्यांच्या बुद्धीला बहर होता. झुरिकला पाउली, नेदरलँड्समध्ये क्रामर्स, कोपनहेगनला बोर अशा घरांची दारे त्यांना उघडी होती. चुंबकात वेगवेगळ्या दिशेचे प्रदेश असतात आणि त्यांच्या सीमेवर स्पिन हळूहळू वळत जातात, हे त्यांनी १९३२ मध्ये दाखवले. त्या सीमेला ब्लॉख भिंत म्हणतात. वेगवान भारित कण पदार्थातून जाताना किती ऊर्जा गमावतो, याच्या बेथे यांच्या सूत्राला त्यांनी पूर्णत्व दिले. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात प्रोटॉनच्या झोताने कर्करोगावर उपचार होतात, तेव्हा झोत शरीरात किती खोलवर जाऊन थांबेल, या हिशेबाच्या मुळाशी हेच सूत्र असते.

आणि मग १९३३ उजाडले. हिटलर सत्तेवर आला तेव्हा ब्लॉख लाइपझिग विद्यापीठात शिकवत होते. पासपोर्ट स्विस असला, तरी ते ज्यू होते. त्या वसंतात त्यांनी जर्मनी सोडली. काही काळ पॅरिस, नंतर रोममध्ये फर्मी यांच्यापाशी. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. स्टॅनफर्ड नेमके कुठे आणि कसे, हे त्यांना ठाऊक नव्हते. हायझेनबर्ग यांना विचारले, तर त्यांना एवढेच आठवत होते, की ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे आहे, जवळच दुसरे एक विद्यापीठ आहे आणि दोन्हीकडची मुले एकमेकांची कुऱ्हाड पळवतात. युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या राजधान्यांत वाढलेला माणूस एवढ्या माहितीवर १९३४ मध्ये तिथे जाऊन पोहोचला.

स्टॅनफर्डमध्ये सैद्धांतिक भौतिकीची परंपरा नव्हती. बर्कलीला ओपनहायमर होते. दोघांनी मिळून चर्चासत्र चालवले. पण ब्लॉख यांचे मन प्रयोगाकडे ओढ घेऊ लागले. न्यूट्रॉन चार वर्षांपूर्वीच सापडला होता. त्याला विद्युतभार नसतो, तरी तो चुंबकासारखा वागत असावा, असा अंदाज होता. तसे असेल, तर चुंबकित लोखंडातून जाताना त्याच्या विखुरण्यावर लोखंडातल्या स्पिनचा परिणाम दिसायला हवा, असे ब्लॉख यांनी १९३६ मध्ये मांडले. पुढे लुई अल्वारेझ यांच्यासह बर्कलीच्या सायक्लोट्रॉनवर त्यांनी न्यूट्रॉनचे चुंबकीय बल मोजलेही. १९३९ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले, १९४० मध्ये लोरे मिश यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लोरे या स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होत्या आणि जर्मनीतूनच आलेल्या होत्या.

न्यूट्रॉनच्या त्या कल्पनेला वीस वर्षांनी वेगळेच फळ आले. स्पिन लहरी तोवर कोणी थेट पाहिल्या नव्हत्या. चुंबकाची ताकद किती घटली, यावरून त्या आहेत असे मानले जाई. कॅनडातल्या चॉक रिव्हर येथे बर्ट्राम ब्रॉकहाउस यांनी अणुभट्टीतले न्यूट्रॉन मॅग्नेटाइटच्या स्फटिकावर सोडले. स्फटिकातून बाहेर पडलेल्या न्यूट्रॉनने किती ऊर्जा गमावली आणि तो किती वळला, हे मोजून स्पिन लहरीची लांबी आणि ऊर्जा दोन्ही हाती लागली. ते १९५७ साल होते. ब्लॉख यांची १९३० मधली लहर ब्लॉख यांनीच १९३६ मध्ये सुचवलेल्या हत्याराने पकडली गेली.

त्यानंतर या लहरींनी जाड स्फटिक सोडून पातळ थरांत बस्तान मांडले. १९५८ मध्ये चार्ल्स किटेल यांनी सुचवले, की थराच्या दोन्ही पृष्ठांवर स्पिन जखडलेले असतील, तर तंबोऱ्याच्या तारेप्रमाणे थराच्या जाडीत ठरावीकच लहरी उभ्या राहतील. त्याच वर्षी लोखंड आणि निकेलच्या मिश्रधातूच्या पातळ थरात तशा लहरी दिसल्या. थराच्या पृष्ठालगत धावणाऱ्या लहरी त्याहून चमत्कारिक निघाल्या. ब्लॉख यांच्या आखूड लहरी शेजाऱ्याच्या ओढीवर चालतात. इथल्या लांब लहरी चुंबका-चुंबकांतल्या दूरच्या ओढीवर चालतात, आणि ही ओढ सर्व दिशांना सारखी नसते. थर ज्या दिशेला चुंबकित केला आहे तिला काटकोनात जाणारी लहर एका पृष्ठाला चिकटून चालते. उलट दिशेला पाठवली, तर दुसऱ्या पृष्ठाला चिकटते. डेमन आणि एशबाख यांनी १९६१ मध्ये हे गणिताने दाखवले. चुंबकत्वाच्याच दिशेने जाणाऱ्या लहरीचे तर शिखर एकीकडे सरकते आणि ऊर्जा बरोबर उलटीकडे वाहते.

विवर्तनाच्या वेळी हा फरक डोळ्यांत भरतो. बंदराच्या भिंतीतल्या फटीतून लाट आत शिरली, की ती अर्धवर्तुळात पसरते, हे कोणीही भाऊच्या धक्क्यावर उभे राहून पाहू शकतो. थरातल्या अरुंद फटीतून किंवा एखाद्या सूक्ष्म छिद्रावर आपटून निघालेली स्पिन लहर मात्र अनेकदा अशी पसरत नाही. तिची ऊर्जा काही ठरावीक दिशांना एकवटते आणि विजेरीच्या झोतासारखे अरुंद पट्टे निघतात; छिद्राभोवती त्यांची फुलीसारखी आकृती दिसते. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र वळवले, की ते पट्टेही वळतात. लेसरचा प्रकाश थरावर टाकून, परतलेल्या प्रकाशाच्या बदललेल्या वारंवारितेवरून आज ही चित्रे टिपता येतात.

अभियंत्यांना यात रस असण्याचे कारण आकडे सांगतात. पाच गिगाहर्ट्झची रेडिओलहर हवेत सहा सेंटिमीटर लांब असते. त्याच वारंवारितेची स्पिन लहर एका मायक्रोमीटरहूनही आखूड असू शकते. म्हणजे तेच काम फार लहान जागेत होते. शिवाय तिच्यात इलेक्ट्रॉन वाहत नाहीत, फक्त डोलणे पुढे जाते. त्यामुळे तारेत तापते तसे काही तापत नाही. अडचण अशी, की लोखंडासारख्या धातूंत ही लहर काही मायक्रोमीटर जाऊन विझते. यिट्रियम, लोह आणि ऑक्सिजन यांच्या गार्नेट स्फटिकाच्या थरात ती काही मिलिमीटर टिकते, म्हणून सूक्ष्मलहरींची गाळणी करणाऱ्या उपकरणांत आणि नव्या धर्तीच्या संगणनाच्या प्रयोगांत हा स्फटिक लागतो.

स्वतः ब्लॉख तोवर लोखंडापासून दूर गेले होते. महायुद्धात ते काही काळ लॉस अलामोसच्या अणुबाँब प्रकल्पात होते, पण तिथले लष्करी वातावरण त्यांना मानवले नाही. हार्वर्डच्या प्रयोगशाळेत शत्रूच्या रडारला चकवण्याच्या कामावर ते गेले, आणि तिथे कागदावरचा हा माणूस रेडिओतंत्र शिकला. १९४५ मध्ये स्टॅनफर्डला परतल्यावर विल्यम हॅन्सन आणि मार्टिन पॅकर्ड यांना घेऊन त्यांनी पाण्याची एक लहानशी कुपी चुंबकात ठेवली. अणुकेंद्रकांचे चुंबकत्व इलेक्ट्रॉनच्या मानाने फारच दुबळे, आणि शेजाऱ्यांचे बंधन तर जवळपास नाहीच. इथे लहर नाही, प्रत्येक भोवरा आपापला डोलतो. पण रेडिओलहरीने सगळ्यांना एकदम तिरके केले, तर ते काही काळ तालात डोलतील आणि भोवतीच्या कॉइलमध्ये वीज उमटेल, हा तर्क खरा ठरला. ही अणुकेंद्रके चुंबकाच्या दिशेला वळायला किती वेळ घेतील, याची धास्ती होती. म्हणून त्यांनी पाण्यात फेरिक नायट्रेट हा लोहाचा क्षारही मिसळून पाहिला. त्याने हा वेळ कमी होतो. आज एमआरआयपूर्वी शिरेतून गॅडोलिनियमचे इंजेक्शन देतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. ब्लॉख यांनी कुतूहलाने आपले बोट कॉइलमध्ये घालून पाहिले आणि संकेत मिळाला, असेही सांगितले जाते.

हार्वर्डमध्ये एडवर्ड पर्सेल आणि सहकाऱ्यांनी त्याच सुमारास मेणावर हाच शोध लावला होता. दोन्ही गटांना एकमेकांचा पत्ता नव्हता. १९५२ चे नोबेल ब्लॉख आणि पर्सेल यांना विभागून मिळाले. हॅन्सन तेव्हा हयात नव्हते. चाळिशीही न गाठता १९४९ मध्ये ते फुप्फुसाच्या आजाराने गेले. १९५१ मध्ये स्टॅनफर्डच्याच अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकर्ड यांनी अल्कोहोलच्या रेणूतले हायड्रोजन तीन निरनिराळ्या खुणा देतात, हे दाखवले. रसायनशास्त्रज्ञांना रेणूची रचना वाचण्याची किल्ली मिळाली ती इथून. यातले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि या विषयाचे काम त्यांनी तिथे उभे केले.

१९५४ मध्ये जिनिव्हाजवळ उभ्या राहत असलेल्या सर्न प्रयोगशाळेचे पहिले महासंचालकपद ब्लॉख यांना देण्यात आले. युरोपने ज्याला घालवले, त्यालाच सन्मानाने बोलावले, असे त्याचे वर्णन करता येईल. पण फायली आणि बैठका हा त्यांचा पिंड नव्हता. वर्षभरात ते स्टॅनफर्डला परतले.

१९७१ मध्ये ते निवृत्त झाले. दोनच वर्षांनी पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय क्षेत्रात मुद्दाम चढउतार ठेवून, कोणता संकेत कुठून आला हे ओळखण्याची युक्ती प्रसिद्ध केली आणि पाण्याच्या डोलण्यातून चित्र निघू लागले. ब्लॉख अखेरच्या काळात झुरिकला येऊन राहिले. तिथेच १० सप्टेंबर १९८३ रोजी त्यांचे निधन झाले. रुग्णालयांत एमआरआयची यंत्रे तेव्हा नुकती येऊ लागली होती. असंख्य कणांच्या समूहाचा हिशेब कसा करायचा, यावरचे पुस्तक ते लिहीत होते. ते अपुरे राहिले. त्यांच्या टिपणांवरून सहकारी वालेका यांनी ते सिद्ध केले आणि १९८९ मध्ये ते छापून आले.